सुभद्रा काहीच खात नाही तो भाग

आमच्या कामात एखादा भाग पडला की नाही, हे सगळ्यांत आधी माठाला कळायचं.

व्यंकटेशच्या जुन्या कारखान्यात पूर्वी चार यंत्रमाग होते. आता फरशीवर त्यांच्या पायांचे चौकोन तेवढे राहिले आहेत. दर रविवारी सकाळी आम्ही तिथं गल्लीतली बारा-चौदा मुलं गोळा करायचो. समोरच्या भिंतीवर पांढरी चादर, कोपऱ्यात माठ आणि माठाशेजारी स्टुलावर माझी थोरली बहीण अक्का. कार्टूनचा नवा भाग लोकांपुढे जाण्याआधी या मुलांना दाखवायचा, असा आमचा रिवाज होता. मुलांना ‘आवडलं का’ असं आम्ही कधी विचारलं नाही. मुलं सभ्य असतात, शेवटी बिस्किटं मिळणार हेही त्यांना ठाऊक असतं, त्यामुळे ती ‘आवडलं’च म्हणतात. कोणतं मूल कधी पाणी प्यायला उठतं, एवढंच बघायचं. ज्या वाक्याला उठलं, त्या वाक्यासमोर मी संहितेच्या समासात ‘ग’ लिहायचो. ग म्हणजे ग्लास.

अक्का त्यातही भेद करायची. मूल तोंड पडद्याकडे ठेवून मागं मागं पावलं टाकत माठाशी आलं, ग्लास हनुवटीला लावला आणि पाणी झग्यावर सांडलं, तर भाग उत्तम. मूल सरळ माठाकडे बघत आलं, सावकाश दोन ग्लास प्यायलं आणि ग्लास धुऊन उपडा घातला, तर ती मान हलवायची.

“गेला, शिवू, भाग गेला. लेकरू ग्लास जाग्यावर ठेवायलंय, म्हंजे बघ की किती वाईट हाय.”

दिवाळी अंकाच्या संपादकांनी मला माझ्या कामाविषयी लिहायला सांगितलं, तेव्हा त्यांच्या मनात बहुधा शाळेचं ग्रंथालय होतं. तिथं माझी नोकरी झाली. पण त्या नोकरीत सांगण्यासारखं काही घडलं नाही आणि घडू नये अशीच माझी इच्छा होती. ज्याला मी माझं काम म्हणतो ते निवृत्तीनंतर सुरू झालं, बारा वर्षं चाललं आणि त्यात एक शेळी होती.

व्यंकटेश माझ्या शाळेतला विद्यार्थी. वडिलांचे माग. हा चादरींची डिझाइनं काढायचा, चौकटीच्या कागदावर एकेक चौकोन रंगवत. चादरीचा धंदा उतरला तेव्हा त्यानं संगणकावर चित्रं हलवायला शिकून घेतलं. एक दिवस घरी आला आणि म्हणाला, “सर, शेळी काढलीय. चालती पण. फक्त तिला काय बोलायचं ते कळंना.”

मी चष्मा पुसत विचार करत होतो. अक्का आतून भाकरी थापता थापता ओरडली, “शेळीला बोलायला सवड कुटं असती? ती खात असती की!”

मालिका तिथंच तयार झाली, मी पुढं फक्त लिहून काढली. सुभद्रा नावाची शेळी. तिची मालकीण गंगव्वा, एकटी राहणारी, तोंडाळ म्हातारी. दर भागात सुभद्रा पहिल्या दोन मिनिटांत कुणाचं तरी काहीतरी महत्त्वाचं खाते आणि उरलेली पाच मिनिटं सगळी गल्ली ते निस्तरते. लग्नाची यादी, पतंग, परीक्षेचं प्रवेशपत्र, नळाला पाणी कधी येणार त्याचं वेळापत्रक. या शेवटच्या भागाला मोठी माणसंसुद्धा माठाकडे फिरकली नाहीत.

सुभद्रा आणि गंगव्वा दोघींचे आवाज अक्काचे. अक्का सातवीपर्यंत शिकलेली, मी एम. ए. तिनं माझ्या संहितेतलं एक वाक्य जसंच्या तसं म्हटलं असेल तर शपथ. आवाज भरायची खोली म्हणजे कारखान्याचं मागचं कोठार. बाहेरचा आवाज येऊ नये म्हणून चारी भिंतींना नाकारलेल्या चादरी टांगलेल्या होत्या. पंखा लावला की घरघर मुद्रित होते, म्हणून पंखा बंद. चैत्र-वैशाखात अक्का डोक्यावर ओला पंचा ठेवून शेळी व्हायची. चघळण्याच्या आवाजासाठी ती कडक भाकरी चावायची आणि तिची कवळी जराशी सैल असल्यानं प्रत्येक घासाला बारीक ‘टक्’ असा आवाज यायचा. व्यंकटेशनं तो काढून टाकायचा खूप प्रयत्न केला. पुढं मुलं शेळीची नक्कल करताना टक् टक् करायला लागली तेव्हा त्यानं नाद सोडला.

आता भाग पडतो कशानं, ते सांगतो.

एकदा एका कार्यालयातले साहेब आले. कोणतं कार्यालय ते सांगत नाही, साहेब भले होते. स्वच्छतेचा संदेश देणारा एक भाग हवा होता. सुभद्रानं जेवणाआधी हात धुवावेत, असं त्यांनी लिहून आणलं होतं.

मी म्हटलं, “साहेब, शेळीला हात नसतात.”

साहेबांनी कागद पाहिला. “मग पाय धुवू दे.”

“कोणते?”

“सगळे. संदेश पोचला पाहिजे.”

“आन् खायचं काय तिनं?” अक्कानं विचारलं.

“या भागात तिनं खाऊ नये. आधी स्वच्छता.”

सात मिनिटांच्या भागात चार पाय धुवायला साडेतीन मिनिटं लागतात. तिसऱ्या पायाला माठाशी रांग लागली. समासात इतके ‘ग’ झाले की पान बाराखडीच्या वहीसारखं दिसायला लागलं. साहेब मात्र खूष झाले. मुलं पाण्याला जाताना बघून म्हणाले, “बघा, लगेच परिणाम!”

पण उपदेशानं पडणारा भाग तसा निरुपद्रवी असतो. मुलं तो विसरून जातात. माझ्या हातून पडलेला पहिला भाग जास्त लाजिरवाणा होता. त्यात सुभद्रा शब्दकोश खाते आणि शुद्ध, अलंकारिक मराठी बोलू लागते. लिहिताना मला एकट्याला हसू फुटत होतं, ही खरं तर धोक्याची खूण. अक्कानं संहिता हातात घेतली, ओठ हलवून पाहिले आणि परत दिली.

“शिवू, ह्यातला येक शब्दबी शेळीच्या तोंडात मावत न्हाय.”

“तोच तर विनोद आहे, अक्का.”

“कुणाचा?”

त्या रविवारी दोन मुलं पाण्याला गेली ती परत आलीच नाहीत. बाहेर गोट्या खेळत सापडली.

व्यंकटेशचीही एक चूक सांगायला हवी, नाहीतर त्याला वाटेल सर पक्षपात करतात. चादरीचं डिझाइन काढताना निम्मंच काढायचं असतं. उरलेलं निम्मं आरशातल्यासारखं उलटवलं की चादर पूर्ण होते. त्याचा हात वर्षानुवर्षं याच वळणाचा. एका भागाच्या वेळी घाई झाली, तर त्यानं सुभद्राचं जाणं काढलं आणि येणं म्हणून तेच उलटवलं. सुभद्राचा डावा कान फाटलेला आहे. जाताना डावा फाटलेला, येताना उजवा. आम्हा तिघांपैकी एकाच्याही लक्षात आलं नाही. भाग बाहेर गेला. आठवड्यानं करमाळ्याहून एका वर्गाचं पत्र आलं, खाली सगळ्या मुलांच्या सह्या: ‘गेलेली शेळी वेगळी आहे आणि आलेली वेगळी आहे. पहिली कुठे आहे? ती सुखरूप आहे का?’

व्यंकटेशनं कपाळाला हात लावला. मी चूक कबूल करणारं सविस्तर उत्तर लिहायला घेतलं. अक्कानं त्या शाळेला फोनच लावला आणि सुभद्राच्या आवाजात सांगितलं, “मी हितंच हाय. ती आल्ती ती माजी जाऊबाई. लई खोडील हाय, तिच्या नादाला लागू नका.”

फोनमधून वर्गाचा जो गलका आला तो कोठारातल्या चादरींनाही थोपवता आला नाही. तेव्हापासून उजवा कान फाटलेली जाऊ मालिकेत आली, तिचाही आवाज अक्कानंच दिला आणि दोघींची भांडणं तिनं एकटीनं, न थांबता केली.

संक्रांतीनंतर गावातली गड्ड्याची जत्रा उठत होती त्या दिवसांत अक्का गेली. सकाळी चहा घेतला, ‘जरा पडते’ म्हणाली आणि उठली नाही. यापलीकडे मला त्या दिवसाविषयी इथं लिहायचं नव्हतं. पुढं लिहावं लागणार आहे.

महिनाभरानं व्यंकटेश आला. अक्काच्या आवाजात तयार असलेले भाग संपत आले होते. सुभद्राचा आवाज त्याची बायको राजेश्वरी देणार होती. तिनं खरोखर चांगला दिला. पहिल्या रविवारी मी भीत भीत मुलांकडे बघत होतो. भाग संपल्यावर भाग्या नावाची आठेक वर्षांची मुलगी म्हणाली, “सुभद्रानं दात नवे बसवले काय?” बाकीची म्हणाली, “व्हय, टक् होईना.” आणि बिस्किटं घेऊन सगळी पळाली. तेवढंच. अकरा वर्षं जिच्या आवाजावर ही मुलं, त्यांची थोरली भावंडं हसली, तिच्यासाठी एक ‘टक्’. मला राग आला. मुलांचा राग येणं माझ्या स्वभावात नाही, म्हणून तो कुणाला दाखवला नाही.

गंगव्वाचा आवाज मात्र राजेश्वरीला जमेना. ती ओरडली की रागावलेली वाटायची. अक्का ओरडली की जेवायला बोलावल्यासारखं वाटायचं.

“सर, गंगव्वा मुलीकडं पुण्याला गेल्या म्हणू,” व्यंकटेश म्हणाला. “सगळ्या मालिकेत तसंच करतात.”

“अक्का पुण्यात दोन दिवस राहिली नाही कधी.”

“अक्का नाही सर, गंगव्वा.”

 मी म्हणालो की गंगव्वाही मालिकेत अक्कासारखीच जाईल आणि तो भाग मी लिहीन. व्यंकटेशनं मान डोलावली. माझ्याशी वाद घालायची त्याला शाळेपासून सवय नाही. पण जाताना दारात थांबून म्हणाला, “मुलं थांबतील ना सर? हा पडला तर मालिका उचलायची कशी, मला कळायचं नाही.”

मी चार महिने लिहीत होतो. सात मिनिटांना चार महिने. माझं लिहिणं मुळातच सावकाश, त्यात या भागात मला एकही उणा शब्द नको होता. अक्काला मी दुसरं काय देऊ शकत होतो? तिच्यासाठी रडायला चारचौघांत जमलं नव्हतं. हा भाग चांगला झाला असता तर मी तिला नीट निरोप दिला, असं म्हणता आलं असतं. भागात गंगव्वाची रिकामी खाट होती. गल्ली गप्प होती. सुभद्रासमोर हिरवा पाला ठेवलेला, आणि ती तोंड लावत नाही. शेजारी येतात, तिच्या पाठीवरून हात फिरवतात. संध्याकाळ होते. जाऊबाईसुद्धा शेजारी येऊन मुकाट बसते. व्यंकटेशनं चित्रं फार सुंदर काढली. बघताना राजेश्वरीनं पदर डोळ्यांना लावला. तो भाग मोठ्या माणसांना दाखवला असता तर त्याला कुठंतरी बक्षीस मिळालं असतं.

रविवारी माठाशेजारचं स्टूल मी रिकामं ठेवलं आणि समोर संहिता घेऊन बसलो. पहिल्या मिनिटाला एक ‘ग’. दुसऱ्याला तीन. खाटेचं चित्र आलं आणि एक आख्खी ओळ उठली. कुणाचीही मान पडद्याकडे नव्हती. मुलं माठाशी शिस्तीत उभी राहिली, एकमेकांना ‘तू घे आधी’ म्हणाली, ग्लास धुऊन ठेवले. इतकी सभ्य मुलं मी कधी पाहिली नव्हती. पाचव्या मिनिटाला माठ संपला आणि मुलं नुसतीच उभी राहिली, कारण परत बसण्यापेक्षा ते बरं वाटत असावं.

भाग संपल्यावर मी रिवाज मोडला.

“आवडलं का?”

“आवडलं,” सगळी एका सुरात.

भाग्या मात्र बिस्किटाचा पुडा फोडत माझ्याशेजारी आली.

“आजोबा, सुभद्रा आजारी हाय का?”

“नाही. तिला दुःख झालंय. गंगव्वा गेली ना.”

“मंग खाईना का?”

“दुःख झालं की जेवण जात नाही बाळ.”

तिनं माझ्याकडे, साहेबांनी शेळीच्या हातांची गोष्ट काढली होती तेव्हा मी त्यांच्याकडे बघितलं होतं, तसं बघितलं.

“आमचे आज्जा गेल्ते तवा मी लई जेवले. घरात चूल पेटली न्हवती ना, मंग सगळ्यांनी डबे आणल्ते. तीन घरचा पिठला-भात हुता. तीन येगळा येगळा. मी तिन्ही खाल्ले.” मग बिस्किटाचा तुकडा मोडून, “रडत रडत खाल्ले पण.”

व्यंकटेश वायर गुंडाळत होता, तो थांबला. मला तिथून उठून जायचं होतं, पण ती माझ्या गुडघ्याला टेकून बिस्कीट खात उभी होती.

आता ते लिहावं लागेल. अक्काला माती देऊन आम्ही घरी आलो तेव्हा दुपारचे तीन वाजले होते. शेजारच्या काकूंनी भाकरी, आमटी आणि शेंगाचटणी आणून ठेवली होती. लोक ताटावर बसले, चार घास चिवडून उठले. मी चार भाकऱ्या खाल्ल्या. चटणीवर तेल मागून घेतलं. आयुष्यात इतकी भूक मला लागलेली आठवत नाही. काकू वाढता वाढता एकदा माझ्याकडे बघून थांबल्या आणि मी पाचवीला हात पुढं केला. तो हात पुढं केल्याची मला तेव्हापासून शरम वाटत होती. कुणाला सांगितली नाही. चार महिने मी एका शेळीला उपाशी ठेवून तिच्याकडून माझं प्रायश्चित्त करून घेत होतो आणि त्याला अक्काचा निरोप म्हणत होतो.

भाग पडायची कारणं मी इतरांना शिकवत आलो होतो. शेळीला काही हवं असलं पाहिजे. जे करायचं ते तिनं आपल्या भुकेपायी केलं पाहिजे, लिहिणाऱ्याच्या सोयीसाठी नाही. साहेबांनी तिला पाय धुवायला लावले, मी तिला शोक करायला लावला. साहेबांनी निदान पाला परत दिला असता.

“सर,” व्यंकटेश हळूच म्हणाला, “पुणं अजून आहे.”

“चार दिवस दे,” मी म्हटलं.

तीन लागले. नव्या भागात गंगव्वाच्या घरी माणसं दाटली आहेत, प्रत्येकाच्या हातात डबा. ‘तुम्ही घ्या आधी’, ‘नको, जात नाही हो’, ‘दोन घास तरी’. सगळ्यांना भूक लागली आहे आणि पहिला घास कुणी घेत नाही. सुभद्रा कोपऱ्यातून बघते. मग उठते आणि पहिला डबा, दुसरा डबा, पिठलं, भात, आमटी असं क्रमानं संपवते. कुणाला धड ओरडताही येत नाही, कारण आजचा दिवस ओरडण्याचा नाही. डबे संपल्यावर ती मान वर करते. भिंतीवर गंगव्वाचा फोटो, फोटोला शेवंतीचा ताजा हार.

“फोटोतली गंगव्वा शेवटी हसलेली दाखवू का?” व्यंकटेशनं विचारलं.

“नाही. फोटो फोटोसारखा राहील.”

“आणि राजेश्वरीनं काय बोलायचं?”

“काही नाही. खायचं.”

भाग तयार झाला त्या रविवारी सुभद्रा हाराकडे बघायला लागली तेव्हा माठाकडे कुणीच फिरकलं नव्हतं. एक जण दबक्या आवाजात म्हणाला, “न्हाय... न्हाय खाणार.” दुसरा म्हणाला, “खाती बघ.” तिनं पहिलं फूल ओढलं आणि मुलांनी जो आरडाओरडा केला, त्यानं गल्लीतल्या बाया दारात आल्या. पडद्यावर गंगव्वाच्या घरची माणसंही आता सुभद्रामागं धावत होती, धावता धावता हसत होती आणि तोंडावर हात ठेवत होती. मी समासात काही लिहिलं की नाही, मला आठवत नाही. चष्मा काढून ठेवला होता.

भाग संपला. शेवटच्या चित्रात गंगव्वाचं अंगण, खुंटा आणि मोकळं दावं. सुभद्रा हार खाऊन केव्हाच गल्लीत निघून गेली होती.

“गंगव्वा परत कवा येणार?” भाग्यानं विचारलं.

“येणार नाही,” मी म्हटलं. ते वाक्य मोठ्यानं म्हणायची माझी ती पहिली वेळ.

तिनं ते ऐकून घेतलं. मग पडद्यावरच्या दाव्याकडे बोट केलं. “मंग सुभद्राला आता कोण बांधणार?”

याचा मी विचार केला नव्हता. इतकी वर्षं गंगव्वा बांधत होती.

“मी बांधतो,” मागून एक मुलगा म्हणाला.

“तू कशाला? आमचं घर जवळ हाय.”

“जवळ कुटं? आमच्या जिन्याखाली जागा हाय की!”

“ती तुज्या दप्तरासकट खाईल तुला!”

चौदाच्या चौदा मुलं उभी राहिली. कुणी कुणाच्या कॉलरला धरलं, कुणी शेळीला पाला कोण आणून देणार याचे वार वाटून घेऊ लागलं आणि त्यातही दोघांना एकच वार हवा होता. व्यंकटेशनं पडद्यावरचं चित्र बंद केलं तरी कुणी तिकडं पाहिलं नाही.

“भांडू नका,” मी म्हटलं. “मी बांधीन.”

सगळ्यांनी मला खालपासून वरपर्यंत बघून घेतलं.

“तुमाला न्हाय जमायचं, आजोबा,” भाग्या समजुतीनं म्हणाली. “ती लई वढती. तुमी नुस्तं दार लावून घ्या.”